माझ्या खांद्याचा दस्ता

बंदुकीचे तयार दस्ते ज्या मापाने बनतात, त्या मापाची माणसं इथे न्यूझीलंडमध्ये मला रोज दिसतात. रग्बी खेळणारी, दारातून वाकून आत येणारी. मी जेमतेम पाच फूट. दस्ता म्हणजे रायफलचा हातात धरायचा, मागे खांद्याला टेकणारा भाग. तो लांब पडला की मान ताणावी लागते, गाल नीट टेकत नाही आणि दुर्बिणीत नेमाच्या जागी काळी चंद्रकोर दिसते. मला वर्षभर ती चंद्रकोरच दिसत होती.

मी हॅमिल्टनमधल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. तिथली एक चार्ज नर्स, माओरी, माझ्याहून बरीच मोठी, दर एप्रिलमध्ये चार-पाच बायकांना घेऊन डोंगरात हरणांच्या शिकारीला जाते. नर हरणं तेव्हा माजावर येऊन ओरडत असतात. इथे त्याला ‘रोअर’ म्हणतात. तिच्याच नादाने मी नेमबाजीच्या क्लबात गेले, लायसन्स काढलं, सेकंडहँड रायफल घेतली. पण ट्रिपला न्यायची तिची अट एकच होती. मार्चमधल्या एका रविवारी क्लबच्या रेंजवर, बसून, ताटलीएवढ्या लोखंडी पत्र्यावर पाच गोळ्या मारायच्या आणि पाचही लागायला हव्यात. जखमी हरीण झाडीत शिरलं तर ते तडफडून मरतं, आणि हे तिच्या ट्रिपमध्ये होता कामा नये. मला ते शंभर टक्के पटत होतं. फक्त मागच्या मार्चमध्ये माझ्या दोनच लागल्या होत्या. या वर्षी काही झालं तरी मला जायचं होतं.

माझा नवरा आयटीतला. अडचण दिसली की त्याचं बोट आधी ऑनलाइन खरेदीकडे जातं. त्याने माझ्यासाठी काळ्या प्लॅस्टिकचा तयार दस्ता मागवला, लांबी कमी-जास्त करता येणारा.

“अगं, दोन स्क्रूचं काम आहे. सकाळी बसव, दुपारी जेवायला बाहेर जाऊ,” तो म्हणाला.

स्क्रूंबद्दल त्याचं खरं होतं. चहा उकळेपर्यंत दस्ता बसलाही. पण लांबी वाढवणाऱ्या मधल्या सगळ्या चकत्या काढल्या तरी तो लांबच, आणि मूठ इतकी जाड की बोटाचं टोक तेवढं ट्रिगरला पोचे. जेवायला मात्र गेलो.

मग मी स्वतःच करायचं ठरवलं. नळी, बोल्ट, ट्रिगर यांना हात लावायचा नाही. ते काम बंदुकीच्या दुकानातल्या कारागिराचं. मी फक्त लाकूड करणार. एका शेतावर पडलेल्या अक्रोडाची, वर्षानुवर्षं शेडमध्ये वाळलेली फळी मिळाली. ती कापली तेव्हा आतल्या तपकिरी-काळ्या रेषा बघून मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. रोटोटुनातल्या आमच्या गॅरेजमधून गाडी बाहेर गेली, टेबल आत आलं, भिंतीवर शनिवार-रविवारचं वेळापत्रक लागलं. ऑर्डरीची वाट बघण्यापेक्षा कानस चालवण्यात किती मजा आहे, हे मला इतक्या उशिरा का कळावं? दस्ता खांद्याला लावायचा, डोळे मिटायचे, उघडायचे. चंद्रकोर दिसली की अजून थोडं घासायचं. शिंपी अंगावर कपडा बेततो, तसंच.

खरी कसोटी आतल्या खाचेची. रायफलचं लोखंड लाकडात घट्ट, सगळीकडून सारखं बसावं लागतं. त्यासाठी लोखंडाला काळा लेप लावतात, ते खाचेत दाबतात आणि लाकडावर डाग उमटेल तिथेच पटाशीने तासतात. लेपाची डबी पोस्टात अडकली. माझा शनिवार वाया जाणार होता. मी देवघरातली, पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून आणलेली पिंजर घेतली, खोबरेल तेलात खलली आणि मलमाइतकी घट्ट केली. धंदाच माझा तो. लेप झकास चालला. लाल ठिपका दिसला की तासायचं, पुन्हा दाबायचं. संध्याकाळपर्यंत लोखंड खाचेत असं बसलं की उलटं धरलं तरी पडेना.

नवरा डोकावला. “लग्न लागलं वाटतं. नवरा मुलगा कोण, नळी का?”

“तू आहेर आण,” मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात खाचेत इपॉक्सी भरलं. ही चिकट राळ वाळून दगडासारखी होते आणि लोखंडाला पक्की बैठक देते. लोखंडाला ती चिकटू नये म्हणून त्यावर मेण लावलं होतं. दुसऱ्या दिवशी लोखंड सुटून आलं, आणि त्याच्यामागोमाग राळेची अख्खी बैठकही, साच्यातून मोदक निघावा तशी. खाली लाकूड लालभडक आणि तेलकट. खोबरेल लाकडात मुरलं होतं. त्यावर राळ धरणार कशी? रेंजचा रविवार पुढचाच होता.

नवरा या वेळी हसला नाही. “प्लॅस्टिकचा अजून घरात आहे. तो लाव आणि जा.”

“तो लावून जाणार कुठे? पार्किंगपर्यंत,” मी म्हटलं.

मी दोन रजा टाकल्या. तेलकट थर पटाशीने खरवडून काढला, ॲसिटोनने पुसून वाळवला, पुन्हा खरवडला. लाली बरीच खोलवर गेली होती. तेल तेवढं नव्हतं. कागद दाबून बघितला, डाग आला नाही. मग नवी राळ. ती वाळेस्तोवर सगळंच घरी करायचा हट्ट सोडला आणि प्लॅस्टिकच्या दस्त्याचं मऊ रबरी पॅड काढून माझ्या दस्त्याला लावलं. ते इतकं सुरेख बनवलेलं होतं की मी जन्मात तसं केलं नसतं. शुक्रवारी लोखंड वर आलं आणि राळ खाचेतच राहिली. मी गॅरेजमधून इतक्या जोरात हाक मारली की नवरा ऑफिसची मीटिंग सोडून धावत आला. शनिवारी कारागिराने सगळं तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं, मी रेंजच्या एका कडेला दुर्बीण जुळवून घेतली, आणि रविवारी अटीच्या पत्र्यासमोर जाऊन बसले.

गाल आपोआप जागेवर गेला. दुर्बिणीत पूर्ण, स्वच्छ गोल. पहिली गोळी पत्र्यावर टण्ण वाजली. दुसरी, तिसरी, चौथीही. पाचवीला मी उगीच घाई करू लागले. मग बोट ट्रिगरवरून काढलं, एक श्वास सोडला, पुन्हा गाल टेकवला. टण्ण.

मी बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याचं दाखवलं. चार्ज नर्सने ती घेऊन खांद्याला लावून पाहिली. दस्ता तिला इतका आखूड की तिचा अंगठा तिच्या नाकावर आला.

“ही तर माझ्या नातीची आहे,” ती म्हणाली. “गुड फ्रायडेला पहाटे निघायचं, सिस. गमबूट विसरू नकोस.”

गोळ्या अजून शिल्लक होत्या. मी विचारलं, आणखी पाच मारू का?

“नको,” रायफल परत देत ती म्हणाली, “हरणांसाठी ठेव.”