जिथं जिथं आईला पाडलं

"हात दाखव."

पाळकसाहेब म्हणाले आणि मी दाखवला. साताऱ्याचं चर्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर शिकलेली, इस्त्रीची माणसं. मी मिशनच्या बोर्डिंगातला पोरगा. साहेबांनी माझं मनगट धरून हात वर केला, बाजारात कोंबडी धरतात तसा.

"ह्याचा बाप मेलेली ढोरं ओढायचा. आज ह्याच्या हातात पवित्र शास्त्र आहे!"

बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. कुणी 'आमेन' म्हणालं. मग साहेबांनी माझं मनगट सोडलं, खिशातनं रुमाल काढला आणि आपला हात पुसला. एकेक बोट. सगळ्यांदेखत. कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं.

आणि ते ढोराचं खोटं होतं. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, बाप काय करतो? मी म्हणालो होतो, "दोर वळतो." मलकापूरजवळच्या आमच्या मांगवाड्यात बा घायपाताचे दोर वळायचा, आई केरसुण्या बांधायची. साहेबांनी दोराचं ढोर केलं. ऐकण्यात चुकले की मुद्दाम, देव जाणे. ढोरं ओढण्यात कसली लाज? लाज असेल तर ओढायला लावणाऱ्या गावाला. पण ते आमच्या घरचं नव्हतं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. नंतर पंगतीत मला गोड जास्त वाढलं. ते खाल्लं.

पुढं सातवीची फायनल पास झालो, आणि साहेबांनीच मला तरुण संघाचा पुढारी केलं. लढाईची वर्षं होती. आमच्या भागातली पोरं कुणी पलटणीत जात होती, कुणी चळवळीत शिरून रानात लपत होती. मी सायकलला बाजाची पेटी बांधून फिरायचो. कडेगाव, शिराळा, पार सांगलीपर्यंत. गावातली ख्रिस्ती पोरंपोरी जमायची, गाणी व्हायची, मग मी साक्ष द्यायचो. साक्ष म्हणजे उभं राहून सांगायचं, मी आधी काय होतो आणि प्रभूनं माझं काय केलं.

साक्षीची भूक लय वाईट, गड्या. एका गावात लोक ज्यावर रडले, त्यावर पुढच्या गावात रडत नाहीत. बाप ढोरं ओढायचा, हे सांगून झालं. मग, घरात खायला नव्हतं. ते खरं होतं. मग, बाप प्यायचा. तेही खरं. मग एकदा तोंडातनं निघून गेलं, "आई प्यायची. पिऊन रस्त्यात पडायची." काय हुंदके दिले लोकांनी! पोरं पुढं येऊन गुडघ्यावर बसली. मला वाटलं, पवित्र आत्मा उतरला. तिथनं पुढं गावोगाव माझी आई रस्त्यात पडायला लागली.

माझ्या आईनं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. बा पडलेला असायचा आणि तीच त्याला आधार देत घरी आणायची.

बा वारल्यावर तिनं बाप्तिस्मा घ्यायचं मनात घेतलं होतं. एक गाणंही पाठ केलं होतं. म्हणायची, "लेकाच्या तोंडनं देवाचं ऐकते, मग घेते." कडेगावच्या मेळाव्याला ती न सांगता आली, कुणाच्या तरी गुळाच्या गाडीत बसून. मागं दाराशी टेकली. मला दिसली. तोवर 'माझी आई' एवढं बोलून झालं होतं. थांबता आलं असतं. पण समोरची पोरं रडायच्या बेतात होती. नाही थांबलो. तिच्यादेखत तिला पाडली.

आल्या आल्या तिनं शेजारच्या बाईला सांगितलं होतं, हा माझा लेक. मेळावा उठायच्या आत कळलं सगळ्यांना, हीच ती. शेजारची बाई पदर आवरून लांब सरकली.

बाहेर चिंचेखाली आई उभी होती. हातात माझ्यासाठी आणलेल्या भाकरीचं फडकं. ते तिनं सोडलं नाही.

"कवा पडले रं मी रस्त्यात?"

"आई, लोकांच्या भल्यासाठी म्हणावं लागतं."

"मग तुज्या नावानं पी की. माज्या नावानं कशापायी पितोस?"

फडकं तसंच घेऊन निघून गेली.

तोवर माझी प्रार्थना अशी वाहायची की साहेबांनी मान डोलवावी. त्यानंतर गुडघे टेकले की तोंड उघडेना. शब्द यायचे, पण सगळे लोकांपुढचे. देवाची लाज वाटायची. मला रुमालाचा राग होता ना? अरे, साहेबांनी परक्याच्या पोराला दाखवलं. मी जन्म देणारीला दाखवलं. त्यांच्यापेक्षा मी हलकट. असे महिने गेले. पोरांना गाणी शिकवायचो, साक्ष टाळायचो. मग एका सकाळी सायकल पुसता पुसता एवढंच निघालं, "देवा, मी खोटारडा हाय." 'आहे' नव्हे, 'हाय'! बोर्डिंगात छड्या खाऊन सोडलेली बोली. त्या दिवशी देव पहिल्यांदा जवळ आल्यागत वाटलं. पाठ थोपटली नाही त्यानं. नुसता बघत बसला. ते सोसवत नव्हतं आणि तिथनं उठवतही नव्हतं.

पुढच्या वर्षी साताऱ्याला मेळावा होता. साहेबांनी मला पुढं बोलावलं. जुन्या सवयीनं म्हणाले, "हात दाखव."

मी हात मागं बांधले.

"न्हाई दाखवत. माझा बाप दोर वळायचा, साहेब. ढोर न्हाई, दोर. माझा हात धरून तुम्ही रुमालानं बोटं पुसलीत, ते मी विसरलो न्हाई. आणि गावोगाव मी सांगत फिरलो की माझी आई प्यायची. ती कधी प्याली न्हाई. ते पाप माझं."

साहेब म्हणाले, "ह्याची तब्येत बरी नाही. बसवा ह्याला." त्याच संध्याकाळी माझं पुढारीपण गेलं.

मला वाटलं, सुटलो. आईकडं गेलो, सगळं सांगितलं. ती केरसुणी बांधत होती. मान वर केली नाही.

"साताऱ्यात सांगितलंस व्हय? साताऱ्यात कवा पडले मी? मी पडले कडेगावात."

कडेगाव झालं. त्याच दाराशी उभा राहून बोललो. लांब सरकलेली ती बाई होती, तिनं खाली बघितलं. शिराळ्यात पोरं हसली, एक म्हातारा शिवी देऊन उठला. सांगलीकडची गावं राहिलीत. पेटी मिशननं परत घेतली, सायकल माझी हाय. संघातली काही पोरं अजून माझ्याकडं येतात. त्यांना सांगतो, रडायचं ते देवापुढं रडा, लोकांपुढं कुणाचा हात वर करू नका. आईनं बाप्तिस्मा घेतला नाही. गाणंही म्हणत नाही. कधी घेशील, हे विचारायचा हक्क मला राहिला नाही, आणि मी विचारणार नाही. मी आधी गावं पुरी करणार. जिथं जिथं तिला पाडलं, तिथं तिथं जाणार. एक गाव सोडणार न्हाई.