दम नक्की कुणाला लागतो?

मंडळी, आज मी जिंकले.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे घराबाहेर पडतच नव्हते. कुत्रा आणायचं ठरलं तेव्हा त्यांना अल्सेशियन हवा होता. मी छोटासा पग आणला, शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटातही दिवसभर घोरणारा. "हा काय कुत्रा हाय?" म्हणाले.

आज संध्याकाळी लाइट गेली, लूम थांबले, आणि त्या शांततेनेच पग दचकून उठला. दाराशी कुंईकुंई सुरू. मी मुद्दाम कणीक मळत राहिले. शेवटी सासऱ्यांनीच पट्टा हातात घेतला. मी गुपचूप मागोमाग गेले.

नाक्यावर पग बसला, तसे तेही ओट्यावर टेकले. तिथल्या पानवाल्या रफीकभाईंनी विचारलं, "काय काका, थकलात?"

"मी न्हाय. याला दम लागतो."

अल्सेशियनने त्यांना असं बसू दिलं असतं का, तुम्हीच सांगा.