मेश्रामचा भात

माझं पोस्टिंग लंगरमध्ये होतं. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. इन्फन्ट्री बटालियनमध्ये मी कुक होतो आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. एवढी साधी गोष्ट सरळ सांगायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, याची लाज वाटते.

निवृत्तीनंतर शनिवार पेठेत खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आपटेंनी विचारलं, "फौजेत आपण नक्की काय करत होतात?" त्या 'नक्की'ला मी घाबरलो. "मशिनगनवर होतो," म्हणालो. पंधरा ऑगस्टला त्यांनी गल्लीतला झेंडा माझ्याच हातून फडकवला. मग माघार घेता येईना.

खराडीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागलो तेव्हाही तीच थाप मारली. स्वयंपाक घरी करून करून हात बसला, असं सांगितलं. पोळ्या करणाऱ्या मंदाताई मला 'कमांडो' म्हणायच्या. मीही ऐकून घ्यायचो.

यंदा ठेकेदाराने फर्मान काढलं. शेगडीपाशी उभं राहायचं तर सर्टिफिकेट हवं, नाहीतर भांडी घासायला जा. त्यासाठी वर्गात बसायचं नव्हतं. परीक्षक कॅन्टीनमध्ये येणार, रोजचं काम बघणार, आधीचा अनुभव विचारणार आणि त्यावर मार्क देणार. आधीचा अनुभव मी 'काही नाही' असा सांगून बसलो होतो.

परीक्षक कुलकर्णी मॅडम सकाळी दहाला आल्या. "पन्नास ताटांचा भात लावा," म्हणाल्या. सगळे बघत होते. मी गडबडलो आणि हात आपले जुन्या वाटेने चालू लागले. पाणी जास्त घातलं. झाकणाच्या कडेने भिजवलेली कणीक थापली. वर लोणच्याची भरलेली बरणी ठेवली.

"भातावर वजन कशाला?" मॅडमनी विचारलं. "पळून जाणार आहे का?"

मंदाताई खुदकन हसल्या.

"सवय आहे, मॅडम."

"कुठली सवय? आपण तर आधी कुठेच स्वयंपाक केला नाही म्हणालात."

ही सवय नाईक अशोक मेश्रामची. नाईक हा त्याचा हुद्दा. भंडाऱ्याचा गडी, लंगरमधला माझा उस्ताद. आमची पोस्ट इतकी उंच होती की पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळायचं आणि भात कच्चा राहायचा. मेश्राम कणकेने झाकण बंद करायचा, वर दगड ठेवायचा. "वाफ गेली की भात गेला बे," म्हणायचा. पाचला स्टोव्ह पेटायचे, सातला चहा. मग गरम भाताचा डबा पाठीला बांधून वरच्या चौकीवर न्यायचा. आमच्या पाळ्या लागलेल्या असत.

एकदा दोन दिवस बर्फ पडून थांबलं. सकाळी रेडिओ सेटवर वरची चौकी बोलली.

"लंगर, लंगर. खाना कब? ओव्हर."

"एक घंटा. ओव्हर," मेश्राम म्हणाला. पाळी त्याची होती. त्याने डबा बांधला. "तू डाळ पाहा," मला म्हणाला आणि दोन जवानांबरोबर निघाला.

वाटेत बर्फाचा कडा सुटला. दोघं जवान वाचले. मेश्रामला दुपारी बाहेर काढलं. डबा पाठीवर तसाच होता, झाकण घट्ट, आतला भात कोमट. तो चौकीवर पोहोचवला, पण कुणी हात लावेना. सुभेदारसाहेब म्हणाले, "मेश्राम लाया है. खाओ." सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.

आपटेंना ही हकीकत मी सांगितली होती. फक्त त्यात मेश्रामला पेट्रोलिंगवर पाठवलं होतं. माझी मशिनगन टिकावी म्हणून मेलेल्या माणसाच्या पाठीवरचा डबा मी काढून घेतला. यापेक्षा हलकं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. मी सावधानमध्ये उभा राहिलो.

"मॅडम, मी खोटं बोललो. फौजेत मी कुक होतो. मशिनगनवर कधीच नव्हतो. हे मला नाईक अशोक मेश्रामने शिकवलं. तोही कुक. चौकीवर भात नेताना गेला."

मान वर करवत नव्हती. भात शिजल्यावर मॅडमनी झाकण उघडायला लावलं. पुण्यात एवढं पाणी आणि कोंडलेली वाफ म्हटल्यावर व्हायचं तेच झालं होतं, भाताचा पार गिचका.

"भाताचे मार्क जाणार," त्या म्हणाल्या. "फौजेचं डिस्चार्ज बुक आणून दाखवा, अनुभवाचे मिळतील. तेवढ्यावर पास व्हाल." मग अनुभवाच्या रकान्यात लिहिता लिहिता म्हणाल्या, "मेश्राम ना? नाईक?"

"हो, मॅडम. नाईक."

मंदाताईंचं हसू कधीच थांबलं होतं. त्यांनी हात पुसले आणि ताट पुढे केलं.

"वाढा मला."

"गिचका झालाय, ताई."

"अहो, मेश्रामांचा आहे ना? वाढा."

मी वाढला. मग माझं ताट घेतलं आणि त्यांच्याशेजारी जेवायला बसलो.