मला हसणारा जादूगार

सक्करदऱ्याच्या गणपतीत दरवर्षी एक जादूगार यायचा. पत्ते गायब करता करता असे विनोद करायचा की माणसं पोट धरून हसायची. त्याचे रेशमी रुमाल माझ्याच दुकानातले. एके वर्षी त्याने मला मंचावर बोलावलं.

"हे शेठ असा भाव करतात, कोंबडी घेतली तर अंडं फुकट मागतात!" म्हणत त्याने माझ्या खिशातून अंडं काढलं. मी चिडलो, तसे लोक आणखी हसले. हातगाडीपासून दुकान उभं केलेला माणूस मी. ते हसणं अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. मी कडाडलो, "काहून गा, मीच सापडलो तुले?"

त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. बोटं थरथरत होती.

"आता पत्ता लपत नाही, शेठ. तुम्ही चिडले, लोकं तुमच्याकडेच पाहून राहिले, म्हणून माहं निभलं. उद्या धरमपेठेत खेळ आहे. तिथं कोणाले हे हात दिसले, तर पुन्हा मले कोणी बोलावणार नाही."

 दुसऱ्या दिवशी मी धरमपेठेत पहिल्या रांगेत जाऊन बसलो, आणि त्याने वर बोलावल्यावर आदल्या वेळेहून दुप्पट चिडलो.