परड्यातल्या वाघळावरचा पहारा

आमच्या कडेगावच्या गल्लीत माजी सैनिकांचा एक कट्टा आहे. कट्टा म्हणजे सुभेदार बापूंच्या कंपाउंडला टेकून ठेवलेली सिमेंटची दोन बाकडी. तिथं कुणाची अडचण पोचली की ती त्याची एकट्याची राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावर तीन उपाय निघतात, आठवड्यात तिचे चार किस्से होतात आणि अडचण मात्र जागच्या जागी असते. गेल्या उन्हाळ्यात ती अडचण माझी होती. आज हसू येतं, तेव्हा मला घास गोड लागत नव्हता.

सुरुवात एका व्हिडिओ कॉलपासून झाली. मुलगा, सून पुण्यात. नात ईरा पाच वर्षांची. दोन वर्षांत ती गावाकडं आली नव्हती, त्यामुळं मी तिच्या दृष्टीनं मोबाईलमधला आबा. या सुट्टीत पंधरा दिवस येणार म्हणून मी परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोका बांधला आणि दाखवायला मोबाईल वर धरला.

"पप्पा, झोक्याच्या वर ते काळं काय लटकतंय?" सून स्नेहलनं विचारलं.

मी वर बघितलं. वाशाला वटवाघूळ. "पाखरू असेल," म्हणालो.

"पाखरू उलटं बसतं का, पप्पा?"

स्नेहल दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. वाघळाचे आजार तिला नावानिशी पाठ. ती म्हणाली, "ते आधी जाऊ दे. मग यायचं बघू." मला वाघळाची भीती वाटली नाही. सुट्टी हातची जाईल याची वाटली.

*

"आधी दुश्मनाची मूव्हमेंट बघायची, ॲक्शन मागनं," बापू म्हणाले. मी फौजेत क्लार्क, त्यामुळं वही माझ्याकडं आली. बापू रोज संध्याकाळी शेडसमोर खुर्ची टाकून बसायचे. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली. वाघूळ उडालं की फौजी घड्याळानं खणखणीत रिपोर्ट द्यायचे, "उन्नीस पच्चीस! एक बाहर!" मी लिहून घ्यायचो.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांच्या मंडळींची हाक आली, "आवं, मोरीत पाल निघालीया. या लवकर."

उभी हयात सरहद्दीवर काढलेला माणूस खुर्चीतनं हलला नाही.

"तूच बघ. मी ड्युटीवर हाय."

*

कट्ट्यावर फौजी नसलेला एकच माणूस, समोरच्या किराणा दुकानाचे आण्णा. आण्णा जैन. त्यांनी पहिल्यांदा अट घातली, "जिवाला धक्का लागता कामा न्हाई." मग उपाय सांगितला, "लख्ख उजेड करा. आपणहून जातंय." आणि दुकानातला हॅलोजन काढून दिला.

वाघळानं पंखात तोंड खुपसलं आणि ते आणखी आत सरकलं. पण उजेडावर किडे आले. किडे खायला कुठनं कुठनं पाकोळ्या, म्हणजे बारकी वाघळं, आली. वहीतली त्या दिवसाची नोंद अशी आहे: मुक्कामी एक, जेवायला अकरा.

माझी बायको मंगल दारातनं बघत होती. म्हणाली, "आता पत्रावळ्या तेवढ्या मांडा."

हॅलोजन परत गेला. ईरा यायच्या तारखेला बारा दिवस उरले होते. ईरा फोनवर रोज विचारायची, "आबा, गेलं का?"

*

त्याच आठवड्यात शेजारच्या रानात मेंढरं बसली होती. जतकडचा मेंढपाळ, बोलता बोलता मध्येच कानडीत शिरणारा. वाघळाची बातमी त्याच्यापर्यंत गेली आणि तो सकाळीच हजर झाला.

"आईचं गुडघं लय धरल्यात बघा. वाघळाच्या तेलानं सुटत्यात म्हणं. मी न्हेतो, तुमचाबी ताप जाईल."

खरं सांगतो, माझं मन डळमळलं. बसल्या जागी काम होत होतं. मी मंगलकडं बघितलं. महिनाभर ही बाई वाघळाच्या नावानं खडे फोडत होती. वाळत घातलेल्या कपड्यांवरचे डाग घासून तिची बोटं सोलवटली होती. ती दारात आडवी उभी राहिली.

"गुडघ्याला मलम देते. ते न्यायचं. माझ्या परड्यातलं कायबी मिळायचं न्हाई."

तो मलम घेऊन गेला. मंगल माझ्याशी दिवसभर बोलली नाही, कारण मी त्याला नाही म्हणायचं सोडून तिच्याकडं बघितलं होतं.

*

शेवटी मी वनरक्षक बाईंना बोलावून आणलं. त्यांनी बॅटरी मारली, अर्धा मिनिट बघितलं आणि विझवली. "काका, उघड्या हातानं शिवायचं नाही. खाली विष्ठा पडते ती सुकी झाडायची नाही, मास्क लावून पाणी मारून पुसायची. उष्टं फळ कुणी खायचं नाही. आणि झोका दुसरीकडं हलवा."

"आणि घालवायचं कसं?"

"ते संध्याकाळी बाहेर गेलं की जाळी मारून घ्यायची. पण आत्ता नाही. पिल्लू आहे. जाळी मारली तर आई बाहेर आणि पिल्लू आत."

"मग कधी?"

"महिनाभरानं. उडायला लागलं की."

महिनाभरानं शाळा सुरू होत होती. मी बाईंना चहा दिला आणि माझा मात्र तसाच निवत ठेवला.

*

कट्ट्यावर बैठक बसली. बापू म्हणाले, "दुश्मन हटत नसंल तर लपवायचा. कॅमोफ्लाज." त्यांच्या ट्रंकेतनं फौजेतली हिरवी जाळी निघाली. झोका आंब्याखाली गेला, शेडच्या तोंडाला खाली जाळी लागली, वर वाघळाला जायला फट ठेवली. मी मोबाईल धरून म्हणालो, "बघ स्नेहल, काही नाही." सुनेशी मी खोटं बोललो.

स्नेहल ईराला घेऊन आली. ईरा दारातनंच "आबा" म्हणून पायाला बिलगली आणि मला ते खोटं जास्तच टोचायला लागलं. संध्याकाळी चहा घेऊन सगळे परड्यात बसलो. ईरा आंब्याखाली झोक्यावर. आण्णा उगाच साखरेच्या भावावर बोलत होते. सात वाजले. सव्वासात झाले. मंगलनं स्नेहलला तीनदा सांगितलं, आत चल, डास चावतील. स्नेहल म्हणाली, "बसू द्या ना आई, किती छान वाटतंय."

बापूंना मी लाख बजावलं होतं. पण सवयीनं ते भिंतीपलीकडं, त्यांच्या अंगणात, हेल्मेट घालून खुर्ची टाकून बसले होतेच. फटीतनं काळं काहीतरी सुटलं आणि गल्लीभर आवाज घुमला.

"उन्नीस पच्चीस! एक बाहर! बच्चा अंदर!"

आण्णांचा साखरेचा भाव तिथंच थांबला. स्नेहलनं जाळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. "पिल्लू आहे गं," एवढंच तोंडातनं आलं. ती उठली, ईराला झोक्यावरनं उचललं आणि आत गेली. आतनं बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मंगल म्हणाली, "झालं. निघाली."

स्नेहल बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता, ईराच्याही. तिनं पार लांब, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाट टाकला, ईराला त्यावर बसवलं आणि तडक भिंतीपाशी गेली.

"सुभेदारकाका, ते हेल्मेट द्या इकडं."

बापूंनी मुकाट्यानं हेल्मेट काढून दिलं. तिनं ते ईराच्या डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला, काच खाली केली आणि शेजारी बसली. "इथूनच बघायचं हं, पिल्लाची आई परत येईल," तिनं ईराला सांगितलं.

थोड्या वेळानं हेल्मेटच्या आतनं आवाज आला, "आबा, मला काहीच दिसत नाही."