बॅटरी काढलेल्या गाडीचा ब्रेक लाईट

मंडळी, खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो. पंचवीस वर्षं फौजेत गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं केली, नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो. करंट आला तर दिवा लागतो, नाही आला तर लागत नाही... यापलीकडे तिसरं काही असतं हे मला कुणी पटवू शकलं नसतं. भुताखेतांवर आजही विश्वास नाही. पण पुढची गोष्ट चार माणसांनी भरदिवसा पाहिली आहे, म्हणून लिहितोय.

सांगलीत विश्रामबागला आमचं घर. मागच्या अंगणात पत्र्याचं शेड टाकून मी जुन्या गाड्यांचं वायरिंग करतो. गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून एक डॉक्टर आपली गाडी टेम्पोवर चढवून घेऊन आले. दोन सीटची, कापडी टपाची, गडद हिरवी विलायती स्पोर्ट्स कार. गाडीचं वय साठीच्या आसपास, डॉक्टरांचं चौऱ्याहत्तर.

डॉक्टरांनी नोकरीची सगळी वर्षं कोयनानगरच्या कॉलनीत काढलेली. लग्नानंतर बायकोला याच गाडीतून तिथं नेलेलं. आता माईंना — म्हणजे त्यांच्या पत्नीला — विसरायला होत होतं. मुलांची नावं अडायची.

"पण ही गाडी तिला ओळखू येते," डॉक्टर म्हणाले. "जवळ जाऊन दारावर हात ठेवते. ही ओळख आहे तोवर तिला एकदा कोयनेला नेऊन आणायचंय, सुभेदार. याच गाडीतून. इंजिन, ब्रेक सगळं साताऱ्यात करून घेतलंय. फक्त दिवे राहिलेत."

वायरिंगची दशा वाईट होती. कापडी वेष्टणाच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, मध्येच कुणीतरी सेलोटेप लावून जोडलेल्या. मी ठिगळं लावत बसलो नाही. जुनं वायरिंग सगळं उपसून काढलं आणि नवीन ओढलं. हेडलाईट, साईड लाईट, इंडिकेटर, मागचे दिवे... जिथं जिथं अर्थिंग घ्यायचं तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. तीन आठवडे लागले. मंगळवारी सगळे दिवे तपासले, एकही चुकला नाही. मग बॅटरी काढून टेबलावर चार्जिंगला लावली आणि जेवायला बसलो.

दुपारी तीनच्या सुमारास मंगल — माझी बायको — वाळत घातलेले कपडे काढून आत आली.

"अहो, त्या हिरव्या गाडीचा मागचा दिवा चालू राहिलाय."

"ऊन पडलं असेल काचेवर. बॅटरी बाहेर आहे तिची."

"शेडात कुठलं आलंय ऊन?"

गेलो. उजव्या बाजूचा ब्रेक लाईट लागला होता. झगझगीत नाही, मंद. मी तळहात धरला तर हातावर तांबूस उजेड पडला. लाल काच काढली. आतल्या बल्बची तार निखाऱ्यासारखी दिसत होती. बल्ब कोमट लागला. टेबलावर पाहिलं — बॅटरी तिथंच, गाडीपासून दहा फुटांवर.

मीटर लावला. शून्य.

मीटर बिघडला म्हणून दुसरा आणला. शून्य. बल्ब काढला की विझायचा, परत बसवला की दहा-बारा सेकंदांनी हळूहळू लागायचा. नवा बल्ब घातला, तोही लागला. तोच बल्ब डाव्या बाजूला घातला, तिथं काही नाही. शेवटी होल्डरच्या दोन्ही वायरी सोडवल्या... तरी लागला. त्या वेळी मात्र माझ्या अंगावर काटा आला. मंगल दारातूनच म्हणाली, "हात नका लावू आता."

मी हात लावला. भीती नव्हती असं नाही. पण कारण सापडल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, ही फौजेची सवय हाडात मुरलेली.

बुधवारी बिरूदादांना बोलावलं. ते मूळचे आटपाडीकडचे. बापजाद्यांनी मेंढरं राखली, यांनी ट्रकचे पाने हातात धरले. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस. त्यांनी वाकून दिवा बघितला, सोडवलेल्या वायरी बघितल्या.

"लय गाड्या बघितल्या सुभेदार. ह्ये न्हाई बघितलं."

"काय करू?"

"मला इचारशील तर, गड्या, दे त्येंची गाडी त्येंना. आपल्या हातातलं काम न्हाई ह्ये."

गुरुवारी सकाळी बिरूदादा परत आले होते, तेवढ्यात डॉक्टर टेम्पो घेऊन हजर झाले. शनिवारी निघायचं ठरलं होतं, कॉलनीतली जुनी माणसं कोयनानगरला जमणार होती. मी त्यांना दिवा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

"विचित्र आहे," ते म्हणाले. "पण सुभेदार, एक दिवा जादा लागतोय म्हणून तुम्ही गाडी अडवून ठेवणार?"

"कारण सापडेपर्यंत नाही देणार."

"अहो, माझ्याकडे वेळ नाहीये. तिच्याकडे नाहीये." आवाज चढला होता त्यांचा.

"डॉक्टर, पेशंटला ताप आहे आणि कशाचा ते कळत नाही. तुम्ही त्याला घरी सोडाल?"

डॉक्टर स्टूल ओढून बसले. म्हणाले, "बारा वाजेपर्यंत बघा."

मी मनाशी एकच धरून होतो. ब्रेक लाईटला लागायला एकच निमित्त असतं, ब्रेकचा पेडल दाबणं. या जुन्या गाड्यांत त्याचा स्विच ब्रेक ऑइलच्या नळीवरच असतो. ऑइलचा दाब वाढला की दिवा लागतो. वायरिंग माझं होतं आणि ते तपासून झालं होतं. मग उरली नळी. ते माझं काम नव्हतं, पण मी बिरूदादांना म्हटलं, "स्विचपासून मागच्या चाकापर्यंत हात फिरवत जाऊ."

गाडी जॅकवर घेतली. नळीला नुकताच काळा रंग मारलेला, दिसायला कोरी करकरीत. मागच्या ॲक्सलच्या वर एका क्लिपखाली बिरूदादांचं बोट थांबलं.

"हितं मऊ लागतंय."

रंग खरवडला. खाली नळी गंजून पापडासारखी पातळ झालेली.

"डॉक्टर, तुमी बसा आत," बिरूदादा म्हणाले. "घाटात दाबाल तसा दाबा ब्रेक. सगळा जोर लावून."

डॉक्टर आत बसले आणि त्यांनी पेडल दाबला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा फट्कन आवाज झाला, ऑइलची चिळकांडी बिरूदादांच्या सदऱ्यावर उडाली आणि पेडल थेट खाली जाऊन टेकला. त्या गाडीला चारही चाकांचं ऑइल एकाच लाईनने जातं. एक नळी फुटली म्हणजे ब्रेक संपला.

त्याच क्षणी मंगल मागून म्हणाली, "विझला बघा."

दिवा विझला होता. मी बल्ब काढून परत घातला. दहा सेकंद, वीस सेकंद, पाच मिनिटं. तो लागला नाही.

डॉक्टर गाडीतून उतरून परत स्टुलावर बसले. मंगलने पाणी दिलं. कोयनेच्या वाटेवरची, पाटणच्या पुढची घाटातली वळणं त्यांच्या डोळ्यासमोर आली असणार. "ती शेजारी बसणार होती," एवढंच म्हणाले.

चारही चाकांच्या नळ्या बदलायला आठ दिवस गेले. शनिवारची भेट हुकली, त्यानंतरच्या आठवड्यात दोघं जाऊन आले. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. वाटेत माई गप्प होत्या. कॉलनी जवळ आल्यावर म्हणाल्या, "हळू घ्या, पुढं आपल्या दवाखान्याचं वळण आहे." आणि वळण खरंच पुढं होतं.

त्यानंतर मी पुष्कळांना विचारलं. इथल्या कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले, जवळून विजेची मोठी लाईन जात असेल. आमच्या घराजवळून जात नाही. गेली असती तरी एकाच बाजूचा दिवा का लागावा? बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो, त्या गाडीत कुणी दगावलं होतं का? नाही. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं होतं. गाडी पहिल्यापासून त्यांच्या घरातलीच, वडिलांनी नवी घेतलेली, कधी कुणाला धक्कासुद्धा लागलेला नाही. मग जीव वाचवायला कोण आलं होतं, आणि कुठून? मला माहीत नाही. मी ते ठरवूनही टाकणार नाही.

मी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीचं एक पान लिहितो — बिघाड काय, कारण काय, उपाय काय. हिरव्या गाडीच्या पानावर बिघाड लिहिलाय, उपायही लिहिलाय. कारणापुढं पेन टेकवून मी दोनतीनदा बसलो. ती जागा कोरी आहे.