बाबांची पहिली मयत

माझ्या बाबांची पहिली मयत माझ्या पळण्यामुळे झाली.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, आणि तिथून कधी कुठलं खूळ निघेल याचा नेम नसे. त्या वर्षी जंगल खात्याच्या साहेबानं ठरवलं, की शिपाई घ्यायचे ते पळवून. धाडपासून बुलढाण्याच्या कचेरीपर्यंत सात कोस. जे तिघं पहिले येतील त्यांना नोकरी! बाबांनी मला तेवढी एक संधी दिली. शिपाई झालो तर ठीक, नाहीतर मलकापूरच्या सरकी काढायच्या जिनात कापसाच्या धुळीत जन्म काढायचा. (थोरला चुलतभाऊ तिथंच खोकत होता.)

म्हणून मी पळू लागलो. पौषातली ती थंडी! आमच्या देऊळघाटची कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकायला राखेतून उठत नसत. पहाटे उठायचं, धोतराचा काचा मारायचा आणि अनवाणी पायांनी त्या गारठलेल्या धुळीत उतरायचं. अंधारात एकटं पळताना माणसाला स्वतःच्या आयुष्याबद्दल जे जे वाटतं, ते लिहिण्यासारखं नाही. रोज वाटे, परत फिरावं. रोज त्या भावाचा खोकला आठवे.

एके दिवशी जिद्दीनं थेट धाड गाठलं. चार कोस! माझी थोरली बहीण, सरूअक्का, तिथं दिलेली. तिची सासू अंगणात सडा टाकत होती. मला दारात वाकून धापा टाकताना पाहिलं आणि तिच्या हातातला तांब्या गळून पडला.

आमच्याकडे मयतीचा निरोप असाच भल्या पहाटे पळत न्यायचा असतो. निरोप्या बसत नाही, त्या घरचं पाणी पीत नाही, आणि 'गेले' असं तर चुकूनही म्हणत नाही. "काही नाही, जरा बरं नाही, चला," एवढंच. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण चार कोस पळाल्यावर ठाऊक असलेलं काहीच डोक्यात राहत नाही!

"बस ना बाप्पा," सासू कापऱ्या आवाजात म्हणाली.

"नाई. बसलो त पाय धरतात."

"पाणी त घे!"

"पाणी नाई चालत." (पळताना पाणी पिऊ नये, असं एका पैलवानानं सांगितलं होतं.)

"काऊन आला रे एवढ्या पहाटी? तुहे बाबा..."

"बाबा बरे हायेत! काईच नाई झालं!"

झालं! तिनं असा हंबरडा फोडला, की चुलीपासून अक्का धावत आली. मी जितकं "बरे हायेत" म्हणे, तितक्या दोघी ऊर बडवत. शेवटी मी घाबरलो आणि आल्या पावली पळत सुटलो. निरोप्यानंही नेमकं हेच करायचं असतं.

वाटेत पोटरीत गोळा आला. एका शेतात शेकोटी धुमसत होती, तिथं आडवा झालो तो डोळाच लागला. उन्हं वर आल्यावर लंगडत घरी पोचलो, तर दारात दोन बैलगाड्या, आतून रडारड आणि ओट्यावर घोंगडी पांघरून खुद्द बाबा! जिवंत माणसाचा इतका पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता.

"नऊ," बाबा म्हणाले.

"काय नऊ?"

"नऊच माणसं आली बे माह्या मयतीले! त्यातले दोघं गाडीवाले. अन् सख्खा पोरगा सगळ्याइच्या मागून!"

मी हसलो. बाबा हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मला फार अपराधी वाटे. रोज पहाटे निघताना मी आधी त्यांच्या छातीवरची घोंगडी हलते का ते पाही, आणि मगच पळायला जाई.

शर्यतीच्या दिवशी धाडहून तीसेक पोरं सुटली. मी खाली मान घालून पळत होतो. मान वर केली की दम जातो (हेही त्या पैलवानाचंच). देऊळघाटच्या फाट्यावर गर्दी जमली होती. तिच्यात शर्यत पाहायला माहेरी आलेली अक्का. तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडत होती! मी जागीच थांबलो.

"अक्का! बाबा?"

"बाबा बरे हायेत रे! काईच नाई झालं! तू पळ!"

बरे आहेत! काहीच नाही झालं! आता आणखी काय सांगायचं राहिलं? मी रस्ता सोडला आणि घराकडे धाव घेतली. तितक्या वेगानं मी जन्मात पळालो नव्हतो. मागून अक्का ओरडत होती, "खरंच बरे हायेत रे!" ती जितकी ओरडे, तितका मी मोठ्यानं रडे.

बाबा ओट्यावर बसून दुधात भाकर कुस्करत होते, कित्येक दिवसांनी.

"काऊन आला बे? झाली शर्यत?"

तेवढ्यात अक्का धापा टाकत पोचली. "अरे मेल्या, तूच सगळ्याइच्या समोर होता! मांगं दूरदूर कोणी नोतं! म्हणून रडू आलं मले!"

मी पहिला होतो, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी दूधभाकरीची वाटी माझ्यापुढे सरकवली.

महिन्याभरात मी जिनात लागलो. जंगल खात्याचं तरी काय चुकलं? त्यांना सात कोस पळणारा शिपाई हवा होता. वाटेत घर लागलं की आत शिरणारा नव्हे!